साठ किलो आणि किंजळीची घाटी

रत्नागिरीहून आंजर्ल्याला एसटीने गेलं तर पाच-सहा तास लागतात. रुपालीने त्या प्रवासाला तीन दिवस काढले. प्रयोगशाळेत शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या दीपालीला हे काही केल्या पटेना. घरी जायचं नसेल तर जाऊ नकोस, पण सायकलवरून जाऊन उशीर कशाला करतेस, असं तिचं म्हणणं. रुपालीने हसून विषय टाळला. दीपाली सहज बोलून गेली होती, पण नेम बरोबर बसला होता. घरी बिनसलं होतं, आणि ते रुपालीमुळेच बिनसलं होतं.

भौतिकशास्त्रात बी.एस्सी. झाल्यावर ती रत्नागिरीत पाण्याचे नमुने तपासणाऱ्या एका लहानशा प्रयोगशाळेत लागली होती. प्रत्येक आकड्यापुढे एकक लिहायचं, आणि मोजमाप दोनदा घेतल्याशिवाय वहीत उतरवायचं नाही, ही तिथली शिस्त तिला आवडायची. सायकलीच्या हँडलला लावलेल्या पिशवीत तिने छोटी वही, फोन आणि सुताराकडून मागून आणलेली, पातळी बघायची पाणसळ घेतली होती. पाणसळ कशाला, असं दीपालीने विचारलं तेव्हा ती म्हणाली, "एक चढ मोजायचाय."

पहाटे सहाला ती निघाली. आरे-वारेच्या उतारावर खाली समुद्र उजळत होता आणि पुढच्या टेकडीवर रस्ता सरळ उभा केल्यासारखा दिसत होता. सायकल एकवीस गिअरची, जुनी विकत घेतलेली. सामान नऊ किलो. चढाला लागलं की ती मनातल्या मनात पॅडलचे फेरे मोजायची. गणपतीपुळ्याला गाड्यांची रांग लागली होती. शहाळेवाल्याने तिच्या सामानाकडे बघून विचारलं की एकटीच निघालीस, बरोबरचा पुढं गेला काय. दमून मागे राहिला, असं तिने सांगितलं. त्याने गंभीरपणे मान हलवली आणि त्या न जन्मलेल्या माणसासाठी एक शहाळं बाजूला काढून ठेवू का म्हणाला.

जयगडला फेरीबोटीत सायकल चढवली, तवसाळला उतरवली. हेदवीच्या पुढे कातळाच्या सड्यावर वाळकं गवत कापून त्याच्या उडव्या रचलेल्या होत्या, आणि जांभ्याच्या दगडी गडग्यांपलीकडे आंब्याच्या कलमांना पहिला मोहोर दिसत होता. असल्याच सड्यांवरून तिचे आजोबा, आबा, सायकल हाकत गेलेले. त्यांच्या गोष्टींतल्या सगळ्या वस्तू रस्त्याच्या कडेला मांडून ठेवल्यासारख्या तिला भेटत होत्या. गडगा, गवत, उन्हाने तापलेल्या कातळाचा वास. तिचं लहानपण त्या गोष्टींत गेलं होतं.

आबांचं नाव जानू. तरुणपणी ते सायकलवरून मासळी विकायचे. हर्णैच्या किनाऱ्यावर लिलाव उठला की टोपल्या भरायच्या, बर्फ आणि भुसा घालून गोणपाट बांधायचं आणि आतल्या गावांकडे सुटायचं. हँडलला रबरी भोंगा असायचा. त्या वेळी असे सात-आठ जण होते आणि प्रत्येकाचा भोंगा वाजवायचा ढंग निराळा. वाडीतल्या बायका घरात बसून ओळखायच्या की आज कोण आलाय. आबांचा भोंगा दोन आखूड, एक लांब. पुढे टेम्पो आले, रस्ते झाले, आणि एक्याण्णव साली त्यांनी ती सायकल ठेवून दिली. पण गोष्टी राहिल्या. त्यातली सगळ्यात मोठी किंजळीच्या घाटीची.

दर गणपतीत, रात्रीच्या आरतीनंतर, मुंबईहून आलेल्या माणसांनी ओटा भरला की कोणीतरी म्हणायचं, आबा, घाटी होऊन जाऊ दे. मग आबा उठायचे आणि पाटावर उभे राहून, हवेतलं हँडल धरून घाटी चढायचे. खालच्या किंजळवाडीपासून वरच्या किंजळवाडीपर्यंत तीन वळणं. पहिलं झाडाचं, तिथे मोठा किंजळ. दुसरं दगडाचं, तिथे वाटेत आलेला काळा धोंडा. तिसरं वाऱ्याचं, तिथे वळताच समुद्राकडचा वारा पाठीला लागतो आणि माणूस वाचतो. कॅरिअरवर आणि दोन्ही बाजूंना तीन टोपल्या, साठ किलो मासळी. बाकीचे सगळे घाटीत उतरून सायकल ढकलायचे. "बारा वर्षांत मी घाटीत एकदा पण पाय टेकला नाय," असं म्हणून आबा पाटावरून खाली उतरायचे, आणि पोरं टाळ्या वाजवायची. रुपालीने लहानपणी त्या टाळ्या सगळ्यांत जोरात वाजवल्या होत्या. सायकल शिकवायलाही आबांनीच ओहोटीच्या वाळूत तिला कॅरिअर धरून पळवलं होतं, आणि कधी सोडून दिलं ते सांगितलंच नव्हतं.

या वर्षीच्या गणपतीत तिने टाळ्या वाजवल्या नाहीत. तिने वही काढली.

वाईट हेतू नव्हता. मुंबईच्या चुलतभावाने, दर्शनने, चेष्टेत म्हटलं होतं की आमची शास्त्रज्ञ आता घाटीचं गणित मांडेल. तिलाही कुतूहल होतं. तिने नकाशावरून चढ काढला, शंभर मीटरला सहा मीटर. आबांचं वजन पंचावन्न, सायकल बावीस, मासळी साठ. पुढचं चक्र चव्वेचाळीस दात्यांचं, मागचं अठराचं, गिअर नाही. दहा मिनिटांत उत्तर आलं. पॅडलवर लागणारा जोर माणसाच्या स्वतःच्या वजनाइतका येत होता, आणि तोही एका फेऱ्यात क्षणभरही न सोडता. हे कोणाच्याच पायांनी होणार नाही. "साठ किलो घेऊन अशक्य आहे, आबा," ती म्हणाली. "वीस किलो असतील तर जेमतेम."

ओटा हसला. सगळ्यांत जास्त हसली तिची आजी भागूबाई. तिने डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाली, "चाळीस वरसं आमाला चढवलंन घाटी. नातीनं खाली उतरवलंन बघ."

आबाही हसले. पण दुसऱ्या दिवशी कोणी घाटीचं नाव काढलं तेव्हा म्हणाले, जाऊ दे, जुनी गोष्ट. त्यानंतर त्यांनी घाटीच काय, दुसरीही कुठली गोष्ट सांगितली नाही. फोनवर बाबा, म्हणजे सूरज, सांगायचे की आबा जाळी विणत बसतात, विचारलं तेवढंच बोलतात. चार महिने झाले होते. ते दहा मिनिटांचं गणित रुपालीला सतत टोचत होतं. आता तिला एकच आशा होती. नकाशा चुकीचा असावा. जुनी घाटी नकाशातल्या चढापेक्षा सौम्य असावी, चार टक्के, साडेचार टक्के, काहीतरी. तसं निघालं तर ओट्यावर सगळ्यांसमोर उभं राहून तिला सांगता आलं असतं की आबा खरं बोलत होते.

वेळणेश्वरला ती आईच्या मावसबहिणीकडे राहिली. मावशीने जेवताना ताक वाढलं आणि रुपालीला पुन्हा आबा आठवले. घरी कोणीही ताक केलं की आबा एक घोट घेऊन भांडं खाली ठेवायचे. "ह्यात कायतरी राहिलंय," म्हणायचे. मीठ घाला, जिरं घाला, मिरची घाला. काय राहिलंय ते त्यांना कधी सांगता आलं नाही, आणि भागूबाईने शेवटी त्यांना ताक देणंच बंद केलं होतं.

दुसऱ्या दिवशी गुहागर, धोपावे, आणि दाभोळची फेरी. बोटीत एका पिकअपमध्ये बर्फात घातलेली मासळी होती. बोलता बोलता चालकाने सांगितलं की दोन तासांत तो तीन बाजार करतो. सायकलवरून मासळी नेणारे त्याला ठाऊक नव्हते. भोंगा म्हटल्यावर त्याला आइस्क्रीमवाला आठवला. रुपालीने त्याला वळणांची गोष्ट सांगितली नाही. दाभोळहून किनाऱ्याकिनाऱ्याने लाडघरपर्यंत पोचेस्तोवर ऊन उतरलं होतं. त्या रात्री एका घरगुती खानावळीच्या वरच्या खोलीत तिने मांड्यांना तेल चोळलं आणि वहीतलं गणित परत एकदा तपासलं. चूक सापडली नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी, घर अकरा किलोमीटरवर राहिलं असताना, ती उजवीकडे वळली. खाडीकाठचा रस्ता भातखाचरांमधून आत गेला. भात केव्हाच कापून झालेलं, खाचरांत गुरं सोडलेली. नवा डांबरी रस्ता डोंगराला लांबून वळसा घालून वर जात होता, आणि जुनी घाटी डावीकडे तशीच राहिली होती. खालची किंजळवाडी म्हणजे दहा-बारा कौलारू घरं. शेवटच्या घराच्या कुंपणाला लागूनच घाटी सुरू होत होती.

तिने सायकल तशीच वर घातली.

वाट तांबड्या मातीची, पावसाने मधोमध चर पाडलेली. पहिल्या वळणावर किंजळ होता. तिला जरा नवलच वाटलं, कारण गोष्टीतलं झाड इतकं जाड असेल असं तिला वाटलं नव्हतं. पहिल्या गिअरवर येऊनही श्वास छातीत मावेना. झाडाच्या थोडं पुढे तिचा पाय टेकला. मग काळा धोंडा आला, अगदी आबा हात लांब करून दाखवायचे तेवढाच. तिथे पुन्हा पाय टेकला. तिसऱ्या वळणावर ती वळली, आणि वाऱ्याने मागून खरोखरच ढकलल्यासारखं केलं. ती थांबून मागे बघत राहिली. लांबवर खाडीचं पाणी चकाकत होतं.

झाड खरं होतं, धोंडा खरा होता, वाराही खरा. आबांनी बाकी सगळं तंतोतंत सांगितलं होतं. इतकं तंतोतंत सांगणारा माणूस एकच आकडा खोटा का सांगेल, हे तिला कळेना.

परत उतरताना तिने दहा ठिकाणी पाणसळ लावली, फोनवरची उंची टिपली आणि सरासरी काढली. नकाशा चुकलेला होताच, पण उलट्या बाजूने. चढ सहा नव्हता, सात होता. साठ किलो सोडाच, वीस किलोही चढले नसते. वही मिटून ती पायथ्याशी आली तेव्हा तिला रडू येईल असं वाटत होतं, आणि पाण्याची बाटली रिकामी होती.

"दोनदा उतरलीस," कुंपणाआडून आवाज आला. "झाडाकडं एकदा नि धोंड्याकडं एकदा. मी मोजलं."

अंगणात सुपारी वाळत घालत एक म्हातारी बसली होती. सत्तरीची असेल, काटक, केस पांढरेशुभ्र. तिच्या अंगणातून सगळी घाटी पायथ्यापासून वाऱ्याच्या वळणापर्यंत दिसत होती. रुपालीने पाणी मागितलं. म्हातारीने सुनेला हाक मारून तांब्या आणायला सांगितला आणि विचारलं, "कुठली गो तू?"

"आंजर्ल्याची. खाडीवरची."

म्हातारीचा सुपारीतला हात थांबला. "खाडीवर कोणाची?"

रुपालीने आजोबांचं नाव सांगितलं. सून पाणी घेऊन आली तेव्हा म्हातारीने तिला, गुरं खाचरातून वळवून आण, उन्हं कलली, असं सांगून पाठवून दिलं. सून म्हणाली की एवढ्यात कुठं कलली. म्हातारी म्हणाली की जाईपर्यंत कलतील. सून दिसेनाशी झाल्यावर म्हातारीने हळू विचारलं, "हाय का तो?"

"आहेत. जाळी विणतात."

"बरं हाय," म्हातारी म्हणाली, आणि सुपारी पसरत, "घाटी सांगतो का अजून?"

रुपालीला काय झालं कोण जाणे. एरवी परक्यापुढे ती मोजकं बोलायची. पण पडवीच्या कडेला बसून तिने त्या अनोळखी म्हातारीला सगळं सांगितलं. गणपती, पाट, वही, ओट्यावरचं हसू, चार महिन्यांचं मुकेपण. आज घाटी मोजली तर ती जास्तच उभी निघाली, हेही सांगितलं. "आता मी त्यांना काय सांगू? ते खोटं बोलत होते हे मी दोनदा सिद्ध केलंय."

म्हातारीने सूप बाजूला सारलं. "तो घाटीत कदी उतरला नाय," ती म्हणाली. "उतरायचा तो हितं."

तिचं नाव मथुरा. तिने सांगितलं ते असं. ब्याऐंशी साली गिरणीचा संप झाला तेव्हा तिचा नवरा मुंबईला कामाला होता. गिरणी बंद पडली. आधी मनीऑर्डर थांबली, मग पत्र थांबलं. घरात सासू, दोन पोरं, आणि शेजारच्या घरात दीर आत्माराम, जो तिने माहेरी निघून जावं याची वाट बघत होता. दिवाळीनंतरची गोष्ट. जानू पाणी प्यायला थांबला, तर तिच्या धाकट्या पोराने बर्फाचा तुकडा मागितला आणि तो चोखताना म्हणाला की आज हेच जेवण. पोर चेष्टेत बोललं असेल, नसेलही. दुसऱ्या खेपेला जानूने सायकल गोठ्यामागे लावली, दोन टोपल्या उतरवल्या आणि म्हणाला की ह्या तुम्ही विका, निम्मा वाटा तुमचा. एक टोपली मी वर नेतो.

"कुणब्याच्या घरची सून, नि मासळी विकतेय," मथुरा म्हणाली. "तवा जीभ छाटली असती लोकांनी. दिरानं तर त्याच दिवशी भायेर काडलं असतं."

म्हणून ते झाकून चाललं. वाडीतल्या आणि पलीकडच्या दोन वाड्यांतल्या बायका ताक मागायला म्हणून यायच्या. हातात तांब्या, कासंडी, कळशी, आणि वर केळीचं पान. येताना भात आणायच्या, जाताना पानाखाली बांगडे न्यायच्या. मथुराकडची म्हैस तर आटलेली होती. म्हणजे तीन वाड्यांतल्या बायकांना ठाऊक होतं, आणि पुरुषांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही की आटलेल्या म्हशीचं एवढं ताक कसं निघतं. हे सांगताना मथुरा तोंडावर हात ठेवून हसली. मग म्हैस व्याली आणि खरोखरच ताक होऊ लागलं. त्यातला पहिला तांब्या जानूचा.

"पण साठ किलो कशाला सांगायचे?" रुपालीने विचारलं.

बरोबरचे सायकलवाले विचारायला लागले होते, मथुरा म्हणाली. तीन टोपल्या घेऊन जानू वाडीत शिरतो, वर सड्यावर एकच दिसते, मग दोन जातात कुठं? ते इथं आले असते, तर गोष्ट चव्हाट्यावर गेली असती. आणि बाईचं नाव एकदा पुरुषाबरोबर घेतलं गेलं की मग मासळीचं कोणी विचारत नाही. म्हणून जानूने सांगून टाकलं की तिन्ही टोपल्या मी वर नेतो, न उतरता नेतो, नि तुमच्या आधी पोचून दोन विकून मोकळा होतो. ते हसले, पण त्यांनी मानलं, कारण त्याला न उतरता चढताना त्यांनी लांबून पाहिलं होतं, टोपल्या मोजण्याइतकं जवळून नाही.

"हितं बसून बगायची मी," मथुरा म्हणाली. "झाड, धोंडा, नि तो वारा. वर पोचला की भोंगा वाजवायचा. दोन बारीक, एक लांब. मग मी गोठ्यात जायची."

नऊ वर्षं असं चाललं. नवरा मधेच परत आला, आजारी होऊन, आणि मग गेला. त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. पोरं शिकली. एक दिवस टेम्पो आला आणि जानू यायचा थांबला. "सांगून पण नाय गेला. काय सांगनार? मी त्याची कोण?"

अंगणात सुपारीवर ऊन होतं. शेजारच्या घराच्या ओट्यावर एक अगदी म्हातारा माणूस काठीवर हनुवटी टेकून बसला होता. मथुराने डोळ्यांनीच दाखवलं. तोच आत्माराम. अजून आहे, अजून ऐकू येतं. तिचा मुलगा ह्या साली गावचा सरपंच झाला होता. "माजं काय, मी आज हाय नि उद्या नाय," ती म्हणाली. "पन पोराच्या तोंडावर कोनी बोलायला नको. तुला सांगितलं कारन त्याला तू खोटा पाडलास. आता बग तुला काय करायचं ते."

रुपाली मनात हिशेब मांडू लागली. दोन टोपल्या खाली उतरल्या. एक वर गेली. वीस किलो. पण चढ सात टक्के धरला तर वीस किलोलाही तिचं गणित नाही म्हणत होतं, आणि ही म्हातारी नऊ वर्षं डोळ्यांनी बघत होती. तिला एकदम जाणवलं की आपण गणितात वारा धरलाच नव्हता. आणि वर पोचल्यावर वाजणाऱ्या भोंग्याची कोणी वाट बघतंय, हे कुठल्या एककात मांडायचं ते तिला ठाऊक नव्हतं.

निघताना मथुराने तिची रिकामी बाटली मागून घेतली. आत जाऊन बऱ्याच वेळाने आली. बाटली ताकाने भरलेली होती. "वाटेत पी नको," ती म्हणाली. "घरी ने."

उरलेला रस्ता तिने फार सावकाश काटला. रस्त्याच्या पहिल्या वळणावर मागे पाहिलं तर म्हातारी कुंपणापाशी उभी होती. रुपालीच्या सायकलीला भोंगा नव्हता, घंटी होती. तिने ती दोनदा थोडी आणि एकदा लांब वाजवली. घंटीचा लांब आवाज काही निघेना, तरी वाजवली.

घरी पोचली तेव्हा आबा ओट्यावर जाळं पसरून बसले होते. बाबा बोटीवरून नुकतेच आलेले. भागूबाईने पायांवर पाणी घालायला कळशी आणली आणि तीन दिवस उन्हात काळी झालीस, आता कोण करून घेईल तुला, हे नेहमीचं सुरू केलं. दर्शनही नाताळची सुट्टी म्हणून आलेला होता, त्याने सायकल उचलून बघितली आणि किती किलोमीटर झाले ते विचारलं. एकशे पंच्याण्णव, असं रुपालीने सांगितलं. मग तिने सांगितलं की वाटेत ती किंजळीच्या घाटीला गेली होती.

जाळ्यातली सुई थांबली. आबांनी मान वर केली नाही.

"चढलीस?" दर्शनने विचारलं.

"दोनदा उतरले. एकवीस गिअर आणि नऊ किलो सामान."

भागूबाई हसली. रुपालीने पिशवीतून वही काढली. पानावर दहा नोंदी होत्या, प्रत्येकीपुढे एकक, खाली रेघ मारून सरासरी. ती तिने उघडली नाही. मिटलेल्या वहीवर हात ठेवून ती म्हणाली, "आबा, माझं गणित चुकलं होतं. मी चढ नकाशावरून घेतला होता. जाऊन मोजला तर खूप कमी निघाला. आणि मागून वारा आहे, तो मी धरला नव्हता. साठ किलो जाऊ शकतात."

खोटं मोजमाप तिने आयुष्यात पहिल्यांदाच सांगितलं होतं.

"म्हंजे ह्यानं खरंच नेले?" भागूबाईने विचारलं.

"नेले असणार."

"आनि तू चार म्हैने त्याला तोंड लपवायला लावलंस. शिकून काय उपेग?" भागूबाईने कळशी उचलली आणि आत जाता जाता नवऱ्याकडे एकदा नीट बघितलं, जणू त्याच्या पिंढऱ्यांचा नव्याने अंदाज घेत होती.

आबा नातीकडे बघत होते. चढ खूप कमी, हे खोटं आहे हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. रुपालीने बाटली काढली, झाकण उघडलं आणि त्यांच्यापुढे धरली. "तहान लागली असेल तर घ्या. ताक आहे."

त्यांनी एक घोट घेतला. भांडं खाली ठेवतील तशी बाटली खाली गेली, आणि अर्ध्यात थांबली. ताकात आंबेहळद ठेचून घातली होती, कच्च्या कैरीसारखा तिचा वास ओट्यावर आला. आबांनी डोळे मिटले. दुसरा घोट घेतला, तिसरा घेतला, आणि बाटली खाली ठेवली नाही.

"बरी हाय?" त्यांनी इतक्या हळू विचारलं की आत कळशी ठेवल्याचा आवाज त्याहून मोठा झाला.

"बरी आहे. मुलगा सरपंच झालाय."

आबांनी मान हलवली. मग म्हणाले, "तो बर्फ मागायचा तो?"

ते रुपालीला ठाऊक नव्हतं. थोरला की धाकटा, हे विचारायचं राहून गेलं होतं. एवढं एक मोजमाप तिने अर्धवट आणलं होतं, आणि ते आणायला पुन्हा जावं लागणार होतं. तसं तिने त्यांना सांगितलंही. आबा म्हणाले, जाशील तेव्हा सायकलला भोंगा लावून जा, पत्र्याच्या पेटीत अजून असेल.

दिवे लागले. शेजारची दोन पोरं सायकल बघायला आली आणि गिअरच्या कळा दाबू लागली. दर्शनने त्यांना सांगितलं की ह्या सायकलीवर ताई किंजळीची घाटी चढायला गेली आणि दोनदा उतरली. एकाने विचारलं, घाटी म्हणजे कुठली? आबांनी जाळं बाजूला सारलं, पाट पुढे ओढला आणि गुडघ्यावर हात देऊन त्याच्यावर उभे राहिले.

"तीन टोपल्या," ते म्हणाले. "साठ किलो." मग त्यांनी रुपालीकडे बघितलं. "आनि पायथ्याला तहान लागलेली."

पायथ्याची तहान त्या गोष्टीत आधी कधी नव्हती. रुपाली वही पिशवीत टाकून पोरांच्या शेजारी, अगदी पुढे, मांडी घालून बसली.